मॅनिटोबातल्या मेनोनाइट वसाहतींची पहिली घरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात विनिपेगहून दक्षिणेला निघालं की स्टाइनबाख, आल्टोना, विंकलर अशा जर्मन वळणाच्या गावांच्या पाट्या दिसू लागतात. या पट्ट्यात १८७४ पासून मेनोनाइट शेतकऱ्यांनी वसाहती उभ्या केल्या. त्यांनी आधी जमिनीत अर्धी पुरलेली मातीची घरं बांधली आणि मग माणसं आणि जनावरं एकाच छपराखाली राहतील असे लांबलचक वाडे. या घरांबद्दल मराठी वाचक जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

मेनोनाइट म्हणजे कोण? ते मॅनिटोबात कसे पोचले?

मेनोनाइट हा सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेतून निघालेला ख्रिस्ती पंथ. नेदरलँड्समधल्या मेनो सिमन्स या धर्मोपदेशकाच्या नावावरून त्याला हे नाव पडलं. बाप्तिस्मा प्रौढपणी, स्वतःच्या समजुतीने घ्यायचा आणि हातात शस्त्र धरायचं नाही, या दोन गोष्टींवर ते ठाम राहिले आणि त्यापायी पिढ्यान्‌पिढ्या स्थलांतर करत राहिले. आधी नेदरलँड्समधून विस्तुला नदीच्या मुखाजवळच्या दलदलीच्या प्रदेशात, म्हणजे आजच्या पोलंडमध्ये. तिथून १७८९ पासून रशियन साम्राज्याच्या दक्षिण भागात, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये. खोर्टित्सा, मोलोच्ना आणि बेर्गथाल या त्यांच्या तिथल्या वसाहती.

१८७० नंतर रशियाने सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा आणायचं ठरवलं. शाळा आणि कारभारातही रशियन भाषेचा आग्रह वाढला. १८७३ मध्ये या लोकांचे बारा प्रतिनिधी उत्तर अमेरिका पाहून आले. कॅनडा सरकारने २३ जुलै १८७३ च्या पत्रात त्यांना लष्करी सेवेतून सूट, स्वतःच्या शाळा आणि राखीव जमीन देऊ केली. पुढच्या सहा-सात वर्षांत सुमारे ७,००० माणसं मॅनिटोबात आली. त्याहून जास्त, सुमारे १०,०००, अमेरिकेत कॅन्सस, नेब्रास्का, मिनेसोटा आणि डाकोटाकडे गेली. या पानावर फक्त मॅनिटोबाचा विचार केला आहे.

पोचल्यावर पहिल्या रात्री डोक्यावर छप्पर कुणाचं?

पहिली तुकडी १ ऑगस्ट १८७४ रोजी रेड नदीतून ‘इंटरनॅशनल’ नावाच्या आगबोटीने आली आणि रॅट नदीच्या संगमापाशी उतरली. तिथून काही मैल आत, आजच्या नीव्हरविल गावाजवळ, त्यांच्यासाठी लाकडी निवाऱ्याच्या लांब शेड बांधून ठेवल्या होत्या. हे काम ओंटारिओतले मेनोनाइट व्यापारी जेकब शांट्झ यांनी अंगावर घेतलं होतं. त्यांचे पूर्वज पेनसिल्व्हेनियामार्गे कॅनडात आलेले, म्हणजे रशियातून येणाऱ्या या मंडळींशी त्यांचं नातं पंथाचं, रक्ताचं नव्हे. तरीही वसाहतीच्या पहिल्या वर्षांत शांट्झ यांच्याइतकी धावपळ क्वचितच कुणी केली असेल. कुटुंबं शेडमध्ये राहिली आणि पुरुष गावासाठी जागा शोधायला बाहेर पडले.

पुढच्या वर्षी रेड नदीच्या पश्चिमेला जाणारे लोक सरहद्दीजवळच्या फोर्ट डफरिनच्या बराकींत उतरले. तिथल्या गर्दीत आणि उन्हाळ्यात आजार पसरले आणि बरीच लहान मुलं दगावली. या वसाहतींचं वर्णन बहुधा कष्टाचं चीज झाल्याच्या सुरात केलं जातं. त्यात या मुलांचा उल्लेख राहून जातो, म्हणून तो इथे मुद्दाम केला आहे.

सेमलिन म्हणजे काय?

पहिल्या हिवाळ्यासाठी बांधलेलं, अर्धं जमिनीखाली असलेलं घर. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये माळावर उतरलेल्या माणसांपुढे थंडी पडायच्या आधीचे जेमतेम काही आठवडे होते. मॅनिटोबाची थंडी उणे तीस, उणे चाळीस अंशांपर्यंत जाते. लाकूड दूर, पैसा थोडा. हाताशी होती ती माती आणि गवत. गवताच्या मुळांनी घट्ट विणलेली माळरानाची वरची माती फावड्याने कापली की तिची जाड, चौकोनी ढेपळं निघतात. तीच यांची वीट.

आधी आयताकृती खड्डा खणायचा, साधारण कमरेपर्यंत खोल. कडेने मातीच्या ढेपळांच्या भिंती थोड्या वर उचलायच्या. मधोमध आडवा वासा टाकायचा, त्यावर दोन्ही बाजूंनी बारीक खांब आणि फांद्या रचायच्या, त्यावर गवत आणि सगळ्यांत वर पुन्हा मातीची ढेपळं. लांबून पाहिलं तर गवताचा उंचवटा आणि त्यातून डोकावणारं धुराडं, एवढंच दिसायचं. खिडकी असलीच तर टोकाच्या भिंतीत एखादी. आतली जमीन मातीची, चोपून सारवलेली. एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला बैल आणि गाय, मध्ये जुजबी आडोसा. जनावरांच्या अंगाची ऊब हा तापवणीचा अर्धा भाग होता.

स्टाइनबाख गावाची सुरुवात अशीच झाली. १८७४ च्या शरद ऋतूत अठरा कुटुंबांनी नाल्याच्या काठाने आपापल्या जागा घेतल्या आणि पहिला हिवाळा मातीखाली काढला. तिथल्या संग्रहालयात सेमलिनची प्रतिकृती आहे. दारातून मान वाकवून दोन पायऱ्या उतरलं की डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो, आणि मग कळतं की हात पसरले तर दोन्हीकडे काहीतरी लागतंच. अशा जागेत अख्खं कुटुंब आणि त्यातली तान्ही मुलं नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत राहायची.

लोक त्यात किती काळ राहिले?

काही कुटुंबं एकच हिवाळा, काही दोन-तीन वर्षं. ज्याच्याकडे थोडे पैसे होते त्याने लगेच लाकडी घर उभारलं, ज्याच्याकडे नव्हते तो मातीतच राहिला. थंडीपेक्षाही पाऊस वाईट. गवताचं छप्पर एकदा भिजलं की बाहेर ऊन पडल्यावरही आत टपटपत राहायचं. भिंती ओलसर, कपडे ओलसर, छातीचे आजार कायमचे. शिवाय १८७५ च्या उन्हाळ्यात टोळधाडीने पीक फस्त केलं, तेव्हा कित्येकांची घर बांधायची स्वप्नं तिथेच लांबली. त्या वर्षी कॅनडा सरकारने सुमारे ९६,४०० डॉलरचं कर्ज दिलं आणि ओंटारिओतल्या मेनोनाइटांनी त्याला जामीन राहायचं कबूल केलं. बियाणं आणि पोटापाण्याची सोय त्यावर झाली. १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत हे कर्ज फिटलं.

लाकडी घरांसाठी लाकूड कुठलं?

इथे दोन वसाहतींमध्ये फरक पडतो. रेड नदीच्या पूर्वेकडच्या जमिनीला ‘ईस्ट रिझर्व्ह’ म्हणत. तिथे पॉपलरची झुडपी रानं होती, ओक होते, आणि पूर्वेला गेलं की मोठं लाकूड मिळायचं. पण जमीन दगडगोट्यांची आणि बरीच पाणथळ. पश्चिमेकडचा ‘वेस्ट रिझर्व्ह’ म्हणजे उघडा माळ. काळी कसदार माती, पण नजर पोचेल तिथवर झाड नाही. इतर वसाहतवाले तोवर झाडीच्या आणि नदीच्या कडेनेच राहत. लाकूड आणि पाणी नाही तिथे वस्ती कशी होणार, असा त्यांचा सरळ हिशेब. मेनोनाइटांनी मात्र रशियातल्या गवताळ प्रदेशात नेमकं हेच केलेलं होतं, त्यामुळे ते बिचकले नाहीत. पश्चिम कॅनडात उघड्या माळावर गावं वसवून शेती करणाऱ्या पहिल्या वसाहतकऱ्यांत त्यांची गणना होते. पूर्वेकडची पुष्कळ कुटुंबंही काही वर्षांनी ओल्या जमिनीला कंटाळून पश्चिमेकडे गेली.

पश्चिमेकडे लाकूड पेंबिना टेकड्यांतून किंवा नदीकाठाहून बैलगाडीने आणि हिवाळ्यात घसरगाडीने यायचं. इतक्या लांबून आणलेलं लाकूड म्हणजे सोनंच. म्हणून भिंतीत जिथे माती चालेल तिथे माती आणि सांगाड्यापुरतंच लाकूड. ओंडक्यांच्या फटींत चिकणमाती आणि पेंढा यांचा गिलावा, वरून चुना. चिखल तुडवणं आणि भिंती लिंपणं ही कामं बहुतेक बायकांच्या हातची. छपराला पेंढा किंवा लव्हाळं, आणि पुढे हात सैल झाल्यावर लाकडी चिपा.

घर आणि गोठा जोडलेले का? गरिबीमुळे?

नाही. हा समज खोडून काढायलाच हवा. सेमलिन ही अडचणीतून निघालेली वाट होती. घर-गोठा मात्र पूर्ण विचाराने बांधलेला, पिढ्यांनी तासून आणलेला नमुना होता. विस्तुलाच्या काठावर हे लोक असंच बांधत, रशियात असंच बांधत, आणि मॅनिटोबात आल्यावर कागदावर नकाशा न काढताही त्यांनी असंच बांधलं. खोल्यांचा क्रम, भट्टीची जागा, गोठ्याकडे जाणारी वाट, सगळं सुताराच्या आणि घरधन्याच्या डोक्यात पक्कं होतं. हातात पैसा आला तेव्हा त्यांनी गोठा वेगळा केला नाही, उलट घर-गोठाच अधिक मोठा आणि नेटका बांधला. मॅनिटोबातले सर्वांत देखणे घर-गोठे १८९० च्या आसपासचे आहेत, म्हणजे गरिबी सरल्यानंतरचे.

मांडणी अशी: रस्त्याच्या बाजूला राहतं घर, त्याच्या मागे गोठा, आणि पुष्कळदा गोठ्याला लागून गवत आणि गाड्या ठेवायची मोठी पडवी. घर आणि गोठा यांच्यामध्ये ‘गांग’ नावाचा अरुंद बोळ. बर्फाच्या वादळात अंगणातली दहा पावलंही माणसाला चकवतात. दूध काढायला किंवा घोड्यांना दाणावैरण घालायला बाहेर पडावंच लागत नसेल, तर केवढा धोका टळतो! रात्री गाय विणार असेल तर घरधनी कंदील घेऊन आतल्या आत जाऊन यायचा. गोठ्याच्या माळ्यावर रचलेलं गवत वरून थंडी अडवायचं. घराच्या माळ्यावर धान्य साठवलेलं असायचं, त्याचाही तोच उपयोग.

वास, माश्या यांचं काय? आणि आग लागली तर?

गांगला दोन्हीकडे दारं असत, त्यामुळे गोठ्यातली हवा थेट घरात शिरत नसे. गोठ्यातले बूट-कोट तिथेच काढून ठेवायची रीत. वास अजिबात येत नसेल असं नाही. पण घर आतून कमालीचं स्वच्छ ठेवण्याबद्दल मेनोनाइट बायकांचा लौकिक होता आणि तो जुनाच.

आगीचा धोका खरा होता. पेंढा, गवत, कोरडं लाकूड आणि भट्टी एकाच छपराखाली. एक ठिणगी उडाली तर घर, जनावरं आणि वर्षाचं धान्य एकदम जाणार. यावर त्यांनी रशियातूनच एक व्यवस्था सोबत आणली होती, तिचं नाव ‘ब्रांडोर्डनुंग’. प्रत्येक कुटुंबाने आपल्या इमारतींची किंमत नोंदवायची, धुराडी आणि भट्ट्या नियमाप्रमाणे बांधायच्या, त्यांची तपासणी होऊ द्यायची, आणि कुणाचं घर जळालं तर नुकसान नोंदलेल्या किमतीच्या प्रमाणात सर्वांनी वाटून घ्यायचं. बाहेरची विमा कंपनी नाही, नफा नाही. अनाथ मुलं आणि विधवांच्या वारसाहक्काचे पैसे सांभाळणारी ‘वाइझेनआम्ट’ ही अशीच दुसरी व्यवस्था. हे वाडे जसे लाकडाच्या खुंट्यांवर उभे होते तसेच या हिशेबवह्यांवरही.

ती मधली विटांची भट्टी कशी चालायची?

घराच्या अगदी मधोमध विटांची मोठी बंद भट्टी, छताला भिडेल इतकी उंच. तिच्या बाजू म्हणजेच दोन-तीन खोल्यांच्या भिंती. सुरुवातीच्या विटा मातीच्या, उन्हात वाळवलेल्या. नंतर भाजलेल्या विटा आल्या. जाळ घालायचं लोखंडी झाकणाचं तोंड मात्र स्वयंपाकघराच्या किंवा मागच्या ओसरीच्या बाजूला, त्यामुळे राख आणि धूर बैठकीच्या खोलीत येत नसे. पाहुण्याला दिसायची ती फक्त ऊबदार पांढरी भिंत.

आता इंधन. लाकूड जाळायला परवडत नसे. पेंढा भरपूर. पेंढ्याच्या पेंड्या एकामागून एक आत सारायच्या, भडका उठू द्यायचा, अर्ध्या-पाऊण तासात जाळ संपला की तोंड बंद करायचं. तोवर विटांनी एवढी उष्णता शोषलेली असायची की ती कित्येक तास हळूहळू खोल्यांत झिरपत राहायची. कडाक्याच्या थंडीत सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. कामाला घरातली पोरंसोरं जुंपलेली असत.

दुसरं इंधन ऐकून आपल्याकडच्या वाचकाला ओळखीचं काहीतरी सापडल्यासारखं वाटेल. हिवाळाभर गोठ्यात साठलेलं शेण आणि पेंढा उन्हाळ्यात अंगणात पसरायचा, घोड्यांकडून तुडवून घ्यायचा, थापून झाला की फावड्याने चौकोनी तुकडे पाडायचे, उलथेपालथे करून वाळवायचे आणि रचून ठेवायचे. आपल्या गोवऱ्यांचेच हे चौकोनी, विटेएवढे भाऊबंद. ते पेंढ्यासारखे भडकत नाहीत, धगधगत राहतात, म्हणून रात्रीच्या उबेला चांगले. रशियातल्या झाडं नसलेल्या प्रदेशात शिकलेली ही विद्या मॅनिटोबाच्या माळावर जशीच्या तशी कामी आली. इंग्रजी बोलणाऱ्या शेजाऱ्यांना आणि प्रवाशांना शेण जाळणं विचित्र वाटे. घर मात्र मेनोनाइटांचंच अधिक गरम असे.

भट्टीच्याच एका अंगाला भाकरी भाजायची जागा असे. वर चिमणीत रुंद पोकळी, तिथे डुकराचे मांस आणि सॉसेज धुरावर टांगून ठेवायचे. शेजारी विटांत बसवलेली भली मोठी लोखंडी काहील, तिचं नाव ‘म्याग्रोप’. धुण्याचं पाणी तिच्यात तापे, साबण तिच्यात शिजे, आणि शरद ऋतूत डुक्कर कापायच्या दिवशी शेजारीपाजारी जमले की चरबीही तिच्यातच कढवली जाई.

खोल्या कोणत्या, आणि आत काय असायचं?

पुढच्या दाराने आत आलं की छोटी ओसरी. दार बहुधा दोन भागांचं: वरचा अर्धा उघडा ठेवून हवा घ्यायची, खालचा बंद ठेवून कोंबड्या बाहेर ठेवायच्या. ओसरीतून ‘ग्रोटेस्टोव’, म्हणजे घरातली मोठी खोली. ती पाहुण्यांची, रविवारची, लग्नकार्याची. तिच्यालगत कोपऱ्यातली खोली, जिथे आईवडील निजत. पुढे लहान खोली, मग स्वयंपाकघर. या खोल्या भट्टीभोवती फेर धरून एकमेकींत उघडत, मधला पॅसेज नाही. त्यामुळे एकट्याने दार लावून बसायची सोय कुणालाच नव्हती. आजच्या माणसाला हे जाचक वाटेल, पण दोन्हीपैकी काय वाईट, एकटेपणा की गर्दी, याचं उत्तर उणे पस्तीस अंशांत वेगळं येतं.

सामान मोजकं आणि त्यातलं बरंचसं समुद्र ओलांडून आलेलं. ‘किस्ट’ नावाची जाड लाकडी पेटी, मुलीच्या लग्नातली, लोखंडी कड्यांची आणि मोठ्या कुलपाची. रशियातून निघताना कपडे, चादरी, बायबल आणि भाजून कडक केलेले पाव अशाच पेट्यांतून आले. झोपायचा बाक, त्याची बैठक ओढून पुढे घेतली की पलंग होतो, त्यात पेंढ्याची गादी आणि दोन-तीन मुलं. भिंतीत बसवलेलं काचेच्या दारांचं कपाट, चांगल्या कपबशा त्यात. मोठ्या खोलीत उशा आणि चादरींची उतरंड रचलेला एक पलंग, पण त्यावर रोज कुणी झोपत नसे, तो घरच्या सुनेच्या माहेराचा मान.

आणि क्रोगर घराण्याचं भिंतीवरचं घड्याळ. खोर्टित्सा वसाहतीत बनणारं हे घड्याळ लाकडी पेटीत बसवलेलं नसतं. रंगवलेली धातूची तबकडी, खाली उघडे लोलक आणि वजनं. तबकडीवर फुलं. भिंती पांढऱ्या, चित्रं नाहीत, मूर्ती नाहीत, अशा खोलीत ही फुलं एकदम उठून दिसतात. काही घरांत ही घड्याळं आजही चालू आहेत.

जमीन मातीचीच राहिली का?

सुरुवातीला हो. रविवारी वाळू शिंपडून तिच्यावर झाडूने नक्षी ओढायची पद्धत होती. पुढे फळ्यांची जमीन आली, तिला पिवळसर तपकिरी रंग, आणि काही बायकांनी त्यावर हाताने फुलापानांची, ठिपक्यांची नक्षी रंगवली. नंतर ती लिनोलियमखाली गेली. नॉयबेर्गथाल गावात जुन्या घरांची डागडुजी करताना लिनोलियमच्या थराखालून अशा जमिनी निघाल्या आहेत. साध्या राहणीचा एवढा कडक नियम पाळणाऱ्या समाजात बायकांनी पायाखालच्या फळीवर रंग खेळवला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांची नावं क्वचितच कुठे लिहिलेली आहेत.

सगळं गाव एकाच रस्त्यावर का?

कॅनडाच्या वसाहत कायद्यात दहा डॉलर फी भरून १६० एकर जमीन मिळे, पण अट अशी की मालकाने त्याच जमिनीवर राहायचं. म्हणजे घरं एकमेकांपासून अर्धा-अर्धा मैल लांब. शाळा, प्रार्थना, शेजार, सगळंच अवघड. मेनोनाइटांनी ते नाकारलं. गावातल्या सर्वांनी आपापली १६० एकर जमीन एकत्र गृहीत धरली. घरं एका सरळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना किंवा नाल्याच्या कडेने ओळीने बांधली आणि शेताचे लांब पट्टे पाडले. प्रत्येकाला थोडी चांगली, थोडी वाईट, थोडी जवळची, थोडी लांबची जमीन. गायरान सामाईक, गुराखी सामाईक. १८७६ मध्ये सरकारने कायद्यात दुरुस्ती करून अशा गावांना मान्यता दिली.

रस्त्याच्या कडेने लावलेली कॉटनवुडची झाडं आता प्रचंड झाली आहेत. त्यामागे फुलबाग, भाजीचा वाफा, मग घर, मग गोठा, मग शेत. गावच्या प्रमुखाला ‘शुल्त्स’ म्हणत. सभा भरून कुंपण, रस्ता, गुराख्याचा पगार ठरे. दोन्ही वसाहती मिळून अशी शंभराहून अधिक गावं झाली.

चर्च आणि शाळा कशा असत?

चर्च बाहेरून ओळखूच येत नाही. ना मनोरा, ना क्रूस, ना रंगीत काचा. लांबट पांढरी इमारत, आत पाठ नसलेले बाक, पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. गाणारे मुख्य गायक पुढे बसत, वाद्य नाही. राइनलँड गावातली १८७६ ची अशी प्रार्थनेची इमारत अजून उभी आहे. शाळा म्हणजे अर्धी वर्गखोली आणि अर्धं शिक्षकाचं घर. शिकवणं जर्मनमध्ये, घरी बोलणं प्लाउटडिच या त्यांच्या जर्मन वळणाच्या बोलीत.

पवनचक्कीचं काय?

स्टाइनबाखमध्ये १८७७ मध्ये ए. एस. फ्रीझन यांनी पवनचक्की उभारली. दळण जवळ आलं, पण वाऱ्यावर चालणारी चक्की वाफेच्या यंत्रापुढे टिकली नाही आणि काही वर्षांतच ती विकून दुसरीकडे नेली गेली. संग्रहालयात १९७२ मध्ये प्रतिकृती बांधली. २००० मध्ये ती जाळपोळीत भस्म झाली आणि पुढच्याच वर्षी गावाने पुन्हा उभी केली.

ही जमीन आधी कुणाची होती?

रिकामी नव्हती. अनिशिनाबे हे मूळनिवासी लोक इथे राहत, शिकार करत, फिरत. ऑगस्ट १८७१ मध्ये मूळनिवासींशी केलेल्या ‘करार क्रमांक १’ नंतर सरकारने हा भाग वसाहतीसाठी मोकळा केला. मेटी लोक, म्हणजे मूळनिवासी आणि युरोपीय अशा दोन्ही घराण्यांचे वंशज, नदीकाठी राहत आणि माळावरचं गवत कापून नेत. मेनोनाइट कुटुंबांना धक्क्यावरून गाड्यांतून आत नेणारे, वाट दाखवणारे बरेचसे मेटीच होते. मातीच्या घरांच्या धीराच्या कथा सांगताना हेही त्याच दमात सांगितलं पाहिजे. अलीकडे मेनोनाइट इतिहासकार आणि संग्रहालयंही ते सांगू लागली आहेत.

मग ही गावं गेली कुठे?

गावाची सगळी मांडणी आपसातल्या करारावर होती. कायद्याने मात्र १६० एकरांचा पट्टा प्रत्येकाच्या स्वतंत्र नावावर. एखाद्याने ‘मला माझी जमीन वेगळी हवी’ म्हटलं की त्याला अडवणारा कायदा नव्हता, आणि त्याची जमीन गावाच्या मधोमध असली तर अख्खी वाटणी कोलमडायची. असं एकेक करत, १८८० पासूनच, गावं मोडली. माणसं आपापल्या पट्ट्यावर राहायला गेली. काहींनी घरंही उचलून, घसरगाडीवर ओढत सोबत नेली.

दुसरा धक्का शाळांचा. १९१६ नंतर मॅनिटोबा सरकारने इंग्रजी शिक्षण सक्तीचं केलं. १८७३ च्या आश्वासनाचा भंग झाला असं जुन्या वळणाच्या लोकांना वाटलं, आणि १९२२ पासून हजारो माणसं मेक्सिकोत चिवावा राज्यात, नंतर काही पाराग्वेला गेली. मेक्सिकोत त्यांनी पुन्हा एकरस्ती गावं आखली, मॅनिटोबातल्या गावांचीच नावं दिली, पण भिंती बांधल्या त्या तिथल्या कच्च्या मातीच्या विटांच्या.

मॅनिटोबात मागे राहिलेल्यांनी विसाव्या शतकात गोठा वेगळा केला, भट्टी पाडून लोखंडी शेगडी आणली. त्यांना दोष देण्याजोगं काही नाही. पण पाडलेला घर-गोठा परत उभा राहत नाही आणि आज उभे असलेले फारच थोडे उरलेत. जे आहेत ते टिकवायला छपराची दुरुस्ती आणि पायाची डागडुजी सतत करावी लागते, आणि तो खर्च बहुतेक ठिकाणी घरमालक आणि स्थानिक संस्थाच सोसतात. हे ओझं थोडं वाटून घेतलं गेलं तर फार बरं होईल.

हे लोक म्हणजे अमिश का?

नाही. मूळ एकाच चळवळीत असलं तरी अमिशांची वाट १६९० च्या दशकात वेगळी झाली. मॅनिटोबातल्या मेनोनाइटांपैकी बहुतेक जण आज इतरांसारखेच राहतात: मोटारी, मोबाइल, विद्यापीठं, सगळं.

आज काय पाहता येईल?

विनिपेगहून तासाभरात स्टाइनबाखचं ‘मेनोनाइट हेरिटेज व्हिलेज’ येतं. १९६७ मध्ये उघडलेलं हे संग्रहालय म्हणजे एक आखलेलं गावच आहे. सेमलिनची प्रतिकृती, वाल्डहाइम गावाहून आणलेलं १८७६ चं ओंडक्यांचं घर आणि १८९२ चा घर-गोठा हे तीन टप्पे त्याच क्रमाने पाहावेत. उन्हाळ्यातच जावं, कारण बाहेरचं गाव थंडीत पूर्ण चालू नसतं. घर-गोठ्यात आधी गोठ्याच्या बाजूने शिरा आणि गांगमधून घरात या. घरची माणसं रोज तशीच यायची.

वेळ असेल तर आल्टोनाजवळच्या नॉयबेर्गथालला जा, विनिपेगहून गाडीने साधारण दीड तास. १८७६ मध्ये वसलेलं हे गाव राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. इथे लोक खरोखर राहतात, म्हणून कुणाच्याही अंगणात न विचारता शिरू नये. रस्त्याने पायी चाललं तरी घरांची ओळ, झाडं आणि पट्ट्यांची शेतं नीट दिसतात.

मेनोनाइटांचा आपल्याकडे काही संबंध आहे का?

आहे, पण या मॅनिटोबाच्या वसाहतींमधून आलेला नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात अमेरिकेतल्या मेनोनाइटांनी भारतासाठी मदत गोळा केली. त्यानंतर १८९९ मध्ये त्यांचे पहिले मिशनरी मुंबईत उतरले आणि धमतरीला स्थायिक झाले. धमतरी तेव्हा मध्य प्रांतात होतं, ज्याची राजधानी नागपूर. आता ते छत्तीसगडमध्ये आहे आणि तिथलं मेनोनाइट रुग्णालय आजही सुरू आहे. तेलुगू भागातल्या मेनोनाइट ब्रदरन या मेनोनाइटांच्याच एका शाखेच्या मिशनशी मात्र रशियातून आलेल्या मेनोनाइटांचं थेट नातं आहे.